संख्या निसर्गाची, अर्थ माणसाचा

बेलाचे एक पान हाती घेऊन पाहा. एकाच देठावर तीन दले दिसतील. भाविकाला त्यांत शंकराचे तीन नेत्र दिसतात. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक त्यास संयुक्त पान म्हणतो. तीन ही संख्या झाडाने दिली. तीन नेत्रांचा अर्थ माणसाने दिला. या दोन गोष्टींतील भेद ध्यानात आला, म्हणजे निसर्ग आणि कला ही दोन्ही अधिक चांगली समजतात.

प्रथम निसर्गाकडे वळू. मधमाशीच्या पोळ्यातील घरे षट्कोनी असतात. सारख्या बाजूंच्या व सारख्या कोनांच्या एकाच आकृतीने फट न ठेवता जागा भरावयाची असेल, तर त्रिकोण, चौरस आणि षट्कोन या तीनच आकृती उपयोगी पडतात. १०० चौरस सेंटिमीटर जागा वेढण्यास त्रिकोणाला सुमारे ४५.६ सेंटिमीटर, चौरसाला ४० सेंटिमीटर, तर षट्कोनाला सुमारे ३७.२ सेंटिमीटर कड लागते. थोड्या मेणात अधिक मध साठविण्यास षट्कोन हाच सोयीचा.

आपल्या मराठवाड्याच्या शिवारात पिकणारे सूर्यफूल पाहा. त्यातील बियांच्या वक्र रांगा दोन्ही बाजूंना वळलेल्या असतात. त्या मोजल्या, तर पुष्कळदा एका बाजूस ३४ व दुसऱ्या बाजूस ५५ भरतात. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ या मालिकेत प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. इ. स. ११५० च्या सुमारास आचार्य हेमचंद्रांनी छंदातील लघुगुरूंच्या रचना मोजताना हीच मालिका सांगितली. फुलातील प्रत्येक नवा अंकुर मागच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर उगवतो. त्यामुळे बिया दाटीने बसतात आणि या संख्या आपोआप उमटतात.

आता अर्थाकडे पाहू. वैदिक यज्ञात गार्हपत्य अग्नीची वेदी वर्तुळाकार असे व ती पृथ्वीचे प्रतीक मानीत. आहवनीयाची चौरस वेदी स्वर्गाचे प्रतीक मानीत. उलट, घुमटाच्या गोलाईत आकाश पाहण्याची प्रथा अनेक देशांत आहे. एकाच वर्तुळात कोणी पृथ्वी पाहिली, कोणी आकाश! अर्थ बदलला, परंतु मध्यबिंदूपासून परिघापर्यंतचे अंतर सर्वत्र सारखे, हा वर्तुळाचा नियम मात्र बदलला नाही.

चौरसाचेही तसेच आहे. एक चौरस काढून त्याच्या मध्यबिंदूभोवती तेवढाच दुसरा चौरस ४५ अंशांनी फिरवा. आठ टोकांची तारका तयार होते. चौरस याहून थोडाथोडा फिरवीत गेल्यास टोके वाढतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील दैत्यसूदनाच्या देवालयाचा पाया असाच तारकाकृती आहे. विजापूरच्या गोलघुमटात, जो १६५६ साली पूर्ण झाला, खालचे दालन चौरस आणि वरचा घुमट गोल. या दोहोंची सांगड घालण्यासाठी तेथील कारागिरांनी कमानी अशा गुंफल्या की, दोन चौरस एकमेकांत गुंतून अष्टकोन निर्माण झाला व त्यावर घुमट विसावला. देवालय आणि घुमट यांची उपासना निराळी, भूमिती एकच.

बिलोलीत जुनी दगडी मशीद आहे आणि शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टल येथे चालुक्यकालीन देवालये आहेत. तुम्ही तेथे जाल तेव्हा खांबांचे कोन मोजा, कमानींच्या दोन बाजू जुळतात का ते पाहा. आधी मोजावे, मग अर्थ विचारावा. जो आधी मोजतो, त्याला दुसऱ्याचा अर्थ ऐकताना राग येत नाही. कारण दोघेही एकाच आकृतीकडे पाहत आहेत, हे त्याला ठाऊक असते.