पक्व, पोक्त आणि मॅच्युअर

भीमेच्या काठाने पसरलेल्या अफजलपूर तालुक्यात, जिथे काळ्या रानात रब्बीचा जोंधळा उभा असतो आणि जिथल्या बांधावर मराठी, कन्नड व दख्खनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच संभाषणात ये-जा करतात, तिथल्या शेतकऱ्याला कणसाचे वय विचारले तर तो दिवस मोजून सांगत नाही. दाणा बोटांत चिरडतो आणि ‘अजून दुधात आहे’, ‘हुरड्याला आलाय’ किंवा ‘निबर झाला’ एवढेच बोलतो. शेतकी महाविद्यालयातले इंग्रजी पाठ्यपुस्तकही याच अवस्था मोजते, आणि गंमत अशी की त्यातही पहिली पायरी दुधाचीच आहे. त्यानंतर मात्र आपण हुरडा भाजायला आगटी पेटवतो, आणि इंग्रज पिठाचा गोळा मळायला बसतो, कारण पुढच्या दोन पायऱ्यांना तो मऊ आणि घट्ट कणकेची नावे देतो. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला म्हणजे शास्त्राच्या लेखी तो ‘मॅच्युअर’ झाला.

हा ‘मॅच्युअर’ शब्द आणि ‘राइप’सारखी त्याची भावंडे आपण शाळेत ‘परिपक्व’ या एकाच प्रतिशब्दावर भागवतो. वास्तविक ही भावंडे एका आईची नव्हेत. ‘राइप’ हा इंग्रजीचा घरचा, रांगडा शब्द. कापणी या अर्थाच्या ‘रीप’शी त्याचे नाते असावे असे व्युत्पत्तिकार मानतात, म्हणजे राइप ते, ज्याला आता विळा लावावा. ‘ग्रो’ म्हणजे वाढणे हाही घरचाच, आणि गवत व हिरवा रंग यांची इंग्रजी नावे त्याच मुळाची आहेत.

आपला ‘पक्व’ मात्र शेतातला नसून चुलीवरचा आहे. संस्कृतातील ‘पच्’ म्हणजे शिजवणे. स्वयंपाकातला पाक, पोटातले पचन, बाजारातला ‘पक्का’ माल आणि शेतातले ‘पीक’ ही सारी त्याच धातूची प्रजा. उन्हाच्या मंद आचेवर फळ शिजते ही ती मूळ कल्पना. याच धातूचा इराणी भाऊबंद फारशीत ‘पुख्ता’ या रूपाने राहिला आणि शतकानुशतकांच्या मुसलमानी अंमलात आपल्याकडे ‘पोक्त’ होऊन आला; पोक्त विचार म्हणजे नीट शिजलेला विचार. शिजवण्याच्या अर्थाचे लॅटिन ‘कोक्वेरे’ हेही त्याच कुळातले असून, इंग्रजी ‘कुक’ त्याच्याच पोटचा. तेव्हा आपला पक्व, फारशीतून आलेला पोक्त आणि साहेबाचा कुक हे दूरचे का होईना, पण चुलते-पुतणे ठरतात. आणि पुढे आपला ‘पक्का’ हिंदुस्थानीतून साहेबाच्या तोंडी बसून इंग्रजी कोशात दाखल झाला, हा त्या घराण्याचा उशिराचा आहेर म्हणावा.

याच लॅटिन धातूला ‘आधी’ या अर्थाचा उपसर्ग लागून झालेला ‘प्रिकोशस’ शब्द वयापुढे धावणाऱ्या मुलाला लावतात. आपण त्याला ‘अकालपक्व’ म्हणतो, आणि हा प्रतिशब्द थेट मुळाशी जाऊन मिळतो. त्याच शब्दापासून रोमन लोकांनी लवकर पिकणाऱ्या एका फळाला नाव दिले. ते ग्रीकांकडून अरबांकडे, अरबांकडून स्पेन-पोर्तुगालकडे असे हिंडत हिंडत इंग्रजीत ‘ॲप्रिकॉट’ झाले. आपण त्या फळाचा नुसता रंग पाहिला: फारशीत ‘जर्द आलू’, मराठीत जर्दाळू.

म्हातारपणाच्या बाबतीत तर दोन्ही भाषांचे विलक्षण एकमत आहे. ‘वृद्ध’ म्हणजे मुळात वाढलेला. इंग्रजी ‘ओल्ड’चाही मूळ अर्थ तोच, आणि ‘ॲडल्ट’ व ‘ॲडोलेसंट’ हे ‘ओल्ड’च्याच पोषणवाचक धातूचे लॅटिनमार्गे आलेले वंशज. उलट गाभुळलेली चिंच, पाडाला आलेला आंबा, मुरलेले लोणचे यांच्यासमोर इंग्रजी कोश जवळजवळ हात टेकतो. सीमेवरच्या कन्नड शेजाऱ्याची रीत याहून निराळी, काटकसरीची: त्याचा ‘हण्णु’ म्हणजे फळही आणि पिकलेलेही, आणि ‘बेळे’ म्हणजे पीकही आणि वाढणेही.

राहिला ‘मॅच्युअर’. त्याचे लॅटिन मूळ ना चुलीवरचे, ना विळ्याचे. ते वेळेचे आहे. ‘मातुरुस’ म्हणजे वेळेवर झालेला, आणि रोमन पहाटदेवता मातुता हिच्याशी त्याचा संबंध जोडतात. पहाटेच्या याच नावातून फ्रेंचमार्गे ‘मॅटिनी’ निघाला, जो आपण भर दुपारी पाहतो, हे जाता जाता.

वेळेच्या या अर्थासाठी पुन्हा अफजलपूरला जाऊ. 1 नोव्हेंबर 1956 रोजी गुलबर्गा जिल्ह्याबरोबर अफजलपूर हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, 1 सप्टेंबरला, आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. पुढे विम्याच्या कागदांवरून ‘मॅच्युरिटी’ हा शब्द घराघरांत शिरला, आणि हिंदी नमुन्यांवर त्याचे भाषांतर छापले गेले ‘परिपक्वता तिथि’, जणू काय पॉलिसी अढीत घातली होती. निजामाच्या उर्दू कारभाराची सवय झालेल्या या मुलखातला, आणि तसा कोणताही मराठी माणूस, ‘मुदत भरली’ म्हणतो. मुदत शब्द अरबीतून आलेला, अर्थ कालावधीचा. लॅटिन मुळाच्या अधिक जवळचे भाषांतर तेच आहे. छापील ‘परिपक्वता’ चुकली.