चैत्यगृह आणि बॅसिलिका : साम्य व भेद

कार्ल्याचे चैत्यगृह चर्चसारखे दिसते, असे पाहणारा सहज म्हणून जातो. १९ व्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनीही त्याची तुलना इंग्लंडमधील नॉर्विच कॅथीड्रलशी केली होती. या साम्याचा अर्थ नीट तपासला पाहिजे.

हे चैत्यगृह सुमारे इ. स. च्या पहिल्या शतकातील. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचा शिलालेख त्यास ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, म्हणतो. चर्चने बॅसिलिकेची रचना स्वीकारली ती चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात. आणि ती रोमन लोकांच्या न्यायदान व व्यापाराच्या सभागृहांवरून. तेव्हा चैत्यगृह हे चर्चचे अनुकरण ठरत नाही. मात्र चर्च आमच्या लेण्यांवरून घडले, असाही दावा आम्ही करणार नाही. त्यास पुरावा नाही. वारशाचा अभिमान प्रमाणावरच उभा राहावा.

खरा भेद उपयोगात आहे. कार्ल्यास दोन्ही बाजूंना १५-१५ स्तंभ असून स्तूपामागे ७ साधे अष्टकोनी स्तंभ आहेत. त्यांच्या मागून वाट वळते व उपासकाची प्रदक्षिणा पूर्ण होते. रोमच्या पाचव्या शतकातील सांता सबिना चर्चमध्ये वेदीमागील अर्धवर्तुळ भिंतीने बंद आहे. तेथे समुदाय वेदीकडे तोंड करून प्रार्थना करतो. पुढे काही चर्चमध्ये वेदीभोवती फिरण्याची वाट आली. १०९६ मध्ये आरंभलेल्या नॉर्विचमध्ये ती आहे. समान गरजेतूनही समान रूप जन्मते, हे यावरून ध्यानात यावे.