रूपकाची झलक : अर्ध्या मिनिटात काय सांगाल?



गावोगावची सामुदायिक रेडिओ केंद्रे आता स्वतःची माहिती-रूपके तयार करतात. पण रूपक कधी लागणार हेच ठाऊक नसेल, तर ऐकणार कोण? म्हणून आधी चार-पाच दिवस त्याची झलक, म्हणजे ट्रेलर, वाजवावी.

समजा, रूपक कपाशीवरील फवारणीचे आहे. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा ज्याच्या पाठीवर पंप, त्याच्या कानी हे पडलेच पाहिजे.

१) झलक ३० सेकंदांची पुरे. सावकाश बोलले तर तेवढ्यात ५०-६० शब्द बसतात. आवाजांना जागा ठेवून ४० च लिहा.

२) सुरुवात ओळखीच्या आवाजाने करा. भोंगा, रडारड नको. माणूस घाबरून रेडिओ बंद करतो.

३) मुद्रित केलेल्या मुलाखतीतले एकच वाक्य घ्या, तेही बोलणाऱ्याला विचारून. त्याची बोली सुधारू नका.

४) प्रश्न एकच टाका. वार आणि वेळ दोनदा सांगा, शेवटचे शब्द तेच असू द्या.

नमुना असा :

(पंपाचा आवाज)
मजूर : दिवसभर फवारलं. संध्याकायी डोयापुढं अंधारी आली.
निवेदक : कपाशीचं औषध माणसाच्या अंगात शिरतं कसं? वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका. बाकीचं ऐका गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला. गुरुवारी, साडेसात!

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. उत्तर राखून ठेवले की उत्कंठा वाढते, हे खरे. पण जीव वाचवणारी सूचना कधीच राखून ठेवू नये. पुष्कळांच्या कानी फक्त झलकच पडते, आणि उद्या सकाळी ते पंप उचलतात. म्हणून गोष्ट राखा, सूचना देऊन टाका.

हवामान किंवा बाजारभावाच्या अगोदर झलक लावा; त्या वेळी घरोघरी कान रेडिओकडे असतात. आदल्या दिवशी ‘उद्या’ आणि त्या दिवशी ‘आज’ असा बदल करायला विसरू नका.

शेवटी पारख करा. चुलीपाशी काम करणाऱ्या बाईंना झलक एकदाच ऐकवा आणि विचारा : कशाबद्दल? कोणत्या वारी? किती वाजता? तिन्ही उत्तरे आली तर झलक जमली. एकही अडले, तर शब्द कमी करा नि पुन्हा मुद्रित करा.