ख्रिस्ती मनुष्याचे नित्याचे युद्ध

जालना शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती आहे. बेथेल हा मूळचा हिब्रू शब्द. त्याचा अर्थ देवाचे घर. स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या साहाय्याने मिळालेल्या जमिनीवर ती वसविली. ज्यांस गावकुसाच्या आत घर नव्हते आणि स्वतःची शेतीही नव्हती, अशा नवख्रिस्ती कुटुंबांस पाय रोवावयास जागा मिळावी, हा या वसाहतीचा हेतू होता. त्या कुटुंबांत मांग समाजातील लोक पुष्कळ होते.

खुद्द शेषाद्रींचा मार्गही सोपा नव्हता. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या तरुणाने इ. स. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयी धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहात होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली व मुलगा त्यांच्या स्वाधीन झाला. पुढे श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठे वादळ उठले. त्याला परत घ्यावे, या पक्षास बाळशास्त्री जांभेकरांनी आधार दिला. बाहेरून पाहणाऱ्यास हा दोन धर्मांचा सामना वाटला असेल. परंतु एका घरापुरते पाहिले, तर बाप व मुलगा, भाऊ व भाऊ यांची ती ताटातूट होती. अशा प्रसंगी आपल्यांविषयी मनात कटुता साठणे किती सोपे असते! आणि खरे युद्ध सुरू होते ते याच ठिकाणी.

कारण इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आत्मिक युद्धाचे वर्णन करताना पौलाने प्रथम हेच बजावले आहे की, ही झुंज रक्तामांसाच्या मनुष्यांशी नव्हे. शेजारी, परधर्मीय, विरोधक यांपैकी कोणीही या युद्धातील शत्रू नाही. जो मनुष्यास शत्रू मानू लागला, तो लढाईस आरंभ होण्यापूर्वीच हरला, असे म्हणावे लागेल. मराठी मनास ही कल्पना परकी नाही. मनाशी अहोरात्र चालणाऱ्या झुंजीचे वर्णन तुकोबांनीही केले आहे. आणि नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत.

हे पत्र पौलाने बंदिवासात असताना लिहिले, असे पत्रातूनच दिसते. रोमन शिपायाची शस्त्रसामग्री त्याच्या परिचयाची होती. तिचाच त्याने दृष्टांत केला. पहिला कमरबंद सत्याचा. कामास लागण्यापूर्वी कंबर कसावी लागते, त्याप्रमाणे खोटा हिशेब व खोटा शब्द टाकल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. उरस्त्राण नीतिमत्तेचे, ते हृदयाचे रक्षण करते. पायांतील जोडे शांतीच्या सुवार्तेचे; म्हणजे हा योद्धा जेथे जाईल तेथे कलह नव्हे, तर समेट घेऊन जातो. ढाल विश्वासाची, शिरस्त्राण तारणाचे, आणि तरवार आत्म्याची, म्हणजेच देवाच्या वचनाची. या सर्वांत चढाई करावयाचे शस्त्र काय ते एकच, आणि तेही मनुष्यास घायाळ करण्यासाठी नव्हे. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर मोह समोर आला, तेव्हा येशूने तिन्ही वेळा शास्त्रवचनानेच त्यास उत्तर दिले.

ही सामग्री अंगावर चढवावयाची कशी? बाप्तिस्मा एका दिवसात होतो. परंतु जन्माभिमान, मद्य, ऋण, मत्सर यांच्या सवयी एका दिवसात सुटत नाहीत. उच्च मानल्या गेलेल्या जातीतून आलेल्याच्या मनात श्रेष्ठत्वाचा अंकुर राहतो, तर पिढ्यान्‌पिढ्या तुडविल्या गेलेल्याच्या मनात भयाचा. यास्तव तयारी नित्याची हवी. सकाळी कामास लागण्यापूर्वी थोडा वेळ प्रार्थना व वचनाचे मनन करावे. ज्या प्रसंगी आपला तोल जातो, तो प्रसंग आधीच ओळखून त्यासाठी बळ मागावे. रात्री दिवसाची झडती घ्यावी. इग्नेशियस लोयोला हा स्वतः शिपाई होता, इ. स. १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत जखमी झाल्यावर त्याचे जीवन पालटले. दिवसातून दोनदा आपल्या वर्तनाची तपासणी करण्याची त्याने घालून दिलेली रीत आजही पाळली जाते. कोणाचे मन दुखविले असेल तर क्षमा मागण्यास उद्याची वाट पाहू नये.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. प्रत्येक ज्वर, प्रत्येक उदासीनता म्हणजे सैतानाचा हल्ला, असे समजून औषधोपचार टाळणे ही श्रद्धा नव्हे. स्कॉटिश मिशनने जालन्यात प्रार्थनामंदिराबरोबर रुग्णालयही चालविले, हे ध्यानात ठेवावे. प्रार्थना व उपचार यांत वैर नाही. त्याचप्रमाणे, स्वतःच्या आळसाचा व क्रोधाचा दोष सैतानाच्या माथी मारून मोकळे होणे, हाही एक मोहच होय.

शेवटची गोष्ट ढालीची. रोमन शिपायाची ढाल मोठी, दारासारखी असे. वेढ्याच्या वेळी शिपाई आपापल्या ढाली एकमेकांस भिडवून जणू भिंत व छप्पर उभे करीत, आणि त्याखालून सारी तुकडी पुढे सरके. एकट्याच्या ढालीने एकट्याचे रक्षण फार वेळ होत नाही. पौलानेही शस्त्रसामग्रीचे वर्णन संपताच सर्व पवित्र जनांसाठी प्रार्थना करावयास सांगितले आहे. नारायण शेषाद्री इ. स. १८९१ मध्ये निवर्तले. परंतु निराश्रितांची घरे एकमेकांस लागून उभी करण्यात त्यांनी जे साधले, त्याचा अर्थ हाच आहे. शेजाऱ्याच्या घरी दुखणे, दुष्काळ वा दुरावा आला असता जो आपली ढाल त्याच्या ढालीस भिडवितो, त्याची युद्धाची तयारी झाली असे समजावे.