नको असलेली खुर्ची

दरवर्षी १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपल्याकडच्या ग्रंथालयांत डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. तसबिरीतल्या गृहस्थांना ग्रंथपाल व्हायचेच नव्हते, हे मात्र भाषणांत क्वचित येते.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. तिथल्या सामसुमीला ते आठवड्यातच कंटाळले आणि ‘मला परत कॉलेजात घ्या’ म्हणू लागले. ‘आधी लंडनला जाऊन या, मग बघू,’ अशी त्यांची समजूत घातली गेली.

लंडनमध्ये त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू भेटले. सर्व थरांतल्या माणसांना सहज पुस्तके देणारी ग्रंथालयेही त्यांनी पाहिली. तिथल्याच एका दुकानात मेकॅनोचा खेळ मांडलेला होता. पट्ट्या, चाके, नट-बोल्ट तेच. जोडणी बदलली की खेळणे नवे. विषयही असेच जोडता येतील, हे गणिती डोक्याने टिपले. फुप्फुसे, क्षय, उपचार, क्ष-किरण, भारत, १९५० असे सुटे भाग ठरलेल्या क्रमाने आणि विरामचिन्हांनी जोडले, की पुस्तकाला कपाटातली नेमकी जागा मिळते. या कल्पनेतूनच १९३३ साली ‘कोलन क्लासिफिकेशन’ ही वर्गीकरणाची पद्धत छापून आली.

१९२५ साली परतल्यावर कॉलेजचे नाव निघाले नाही. वाचक थेट कपाटापर्यंत जाऊ लागला. १९२९ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. १९३१ च्या पुस्तकात त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा वापरात असावे आणि वाचकाचा वेळ फुकट जाऊ नये, हा त्या सूत्रांचा गाभा. आजही पुस्तक शोधायला लागणारी मिनिटे मोजली, की ग्रंथालयाची खरी परीक्षा होते.

वीस वर्षांच्या ग्रंथपालपदानंतर मद्रास सोडून ते बनारसला गेले. तिथे दोन वर्षांत सुमारे लाखभर ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी एकट्याने केले. पुढे दिल्ली, झुरिक, आणि १९६२ मध्ये बंगळूरला प्रलेखनाचे संशोधन-प्रशिक्षण केंद्र. मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४८ चा. त्यामागेही त्यांची खटपट होती. महाराष्ट्राला असा कायदा मिळायला १९६७ उजाडले.

१९७२ साली ते गेले. त्याआधी आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले होते. त्यातून ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन उभे राहिले, पत्नी शारदा यांच्या नावाचे. ज्या विद्यापीठातली खुर्ची आठवड्यात नकोशी झाली होती, तिथेच त्यांनी स्वतःच्या पैशाने दुसरी खुर्ची मांडली.