गुदभ्रंश : शस्त्रक्रिया व उपकरणे

गुदांत्र (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) गुदद्वारातून बाहेर येणे, या विकारास गुदभ्रंश म्हणतात. केवळ श्लेष्मकला (आतील बुळबुळीत अस्तर) बाहेर आल्यास तो आंशिक आणि भित्तीचे सर्व थर बाहेर आल्यास पूर्ण गुदभ्रंश होय. पूर्ण प्रकारात बाहेर आलेल्या भागावर वर्तुळाकार वळ्या दिसतात. मूळव्याधीच्या मोडांमध्ये अरीय खाचा असतात. संकोचामुळे पुष्कळ रुग्ण मूळव्याध समजून विकार लपवितात. दरम्यान परिसंकोची स्नायू ताणले जाऊन मलविसर्जनावरील ताबा सुटत जातो. बाहेर आलेला भाग अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटल्यास तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

सुश्रुतसंहितेत बाहेर आलेला भाग स्निग्ध करून, शेकून आत बसवावा व मध्ये छिद्र असलेल्या चर्माचा गोफणबंध बांधावा, असे सांगितले आहे. लहान मुलांत बद्धकोष्ठ, अतिसार वा कुपोषण यांवर इलाज केल्यास विकार बहुधा आपोआप बरा होतो. प्रौढांत मात्र शस्त्रक्रिया हाच खरा उपाय आहे.

कार्ल टिअर्श यांनी १८९१ मध्ये गुदद्वाराभोवती त्वचेखालून चांदीची तार घालण्याची पद्धत सुचविली. तीमुळे द्वार अरुंद होते. परंतु मूळ दोष तसाच राहतो. शिवाय तार तुटणे, मल अडकणे असे उपद्रव होत असल्याने ती मागे पडली.

सध्याच्या शस्त्रक्रियांचे दोन वर्ग आहेत. गुदमार्गे करावयाच्या डेलॉर्म पद्धतीत (१९००) श्लेष्मकला सोलून काढतात व स्नायुथराला चुण्या घालून शिवतात. आल्टमायर पद्धतीत बाहेर आलेले आतडे कापून टोके जोडतात; त्यासाठी टाके किंवा वर्तुळाकार स्टेपलर वापरतात. स्वयंधारी प्रत्याकर्षक, बॅबकॉक चिमटा व विद्युत्‌ दहन उपकरण ही येथील प्रमुख साधने होत. या शस्त्रक्रिया केवळ कमरेखालचा भाग बधिर करूनही करता येत असल्याने वृद्ध व दुर्बल रुग्णांना सोयीच्या ठरतात.

उदरमार्गे गुदांत्र वर ओढून त्रिकास्थीशी (माकडहाडाच्या वरील हाडाशी) टाक्यांनी वा कृत्रिम जाळीने बांधतात. गुदांत्र मागून व बाजूंनी मोकळे करताना तंत्रिकांना इजा झाल्यास बद्धकोष्ठ वाढते. म्हणून केवळ पुढील बाजूने जाळी लावण्याची पद्धत प्रचारात आली. ती उदरपरिदर्शकाच्या साहाय्याने लहान छिद्रांतून करता येते. मात्र क्वचित जाळी आतड्यात घुसण्याचा धोका असतो.

ब्रिटनमधून चालविलेल्या तुलनात्मक चाचणीच्या २०१३ मधील निष्कर्षांत विविध पद्धतींमधील पुनरुद्‌भवाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे पद्धतीची निवड रुग्णाचे वय, प्रकृती, बद्धकोष्ठ व मलविसर्जनावरील ताबा पाहून करतात.