टेबलाखालचा सर्व्हर

२०१०च्या सुमारास सांगली, इचलकरंजी किंवा चिपळूणच्या बाजारपेठेत कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात शिरलं, की काउंटरमागच्या टेबलाखाली एक कॅबिनेट घरघरत असायचं. शेजारी इन्व्हर्टर, आत टॅली. दुकान बंद करताना अकाउंटंट पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा आणि तो त्याच टेबलाच्या खणात टाकायचा. लोडशेडिंग आणि वारंवार तुटणारं ब्रॉडबँड पाहता हिशेब दुकानातच ठेवणं तेव्हा शहाणपणाचंच होतं.

मग चित्र भराभर पालटलं. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रं २०१५मध्ये पुणे, मुंबई, चेन्नईत सुरू झाली, पुढच्या वर्षी ॲमेझॉनही मुंबईत आलं. जिओमुळे डेटा स्वस्त झाला. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि इंटरनेटवाचून व्यापाऱ्याचं पान हलेना. हिशेब मात्र टेबलाखालीच राहिला. २०२०च्या लॉकडाउनमध्ये अकाउंटंट घरी आणि सर्व्हर कुलूपबंद दुकानात, तोही ऐन मार्चअखेरीस, तेव्हा पहिल्यांदा अनेकांनी क्लाउडची चौकशी केली.

हिशेब टेबलाखाली ठेवण्याची खरी किंमत दाखवली ती पुरानं. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ला चिपळूण. तळमजल्यावरचं कॅबिनेट बुडालं आणि खणातला पेन ड्राइव्हही. भरलेल्या विवरणपत्रांतली नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं जीएसटी पोर्टलवर सापडत होती. पण किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी, कुणाकडून किती येणं आहे, गोदामात किती माल होता, यातलं काहीच तिथं नव्हतं. संगणक पुन्हा विकत घेता येतो. उधारीची खाती गेली, तर वसुलीला जायचं कोणत्या आकड्यावर?

तरीही सगळं उचलून क्लाउडवर न्या, असं मी म्हणणार नाही. एकच दुकान, दोन संगणक, हिशेब पाहणारा माणूस तिथंच बसणारा, अशा ठिकाणी माणशी दरमहा भाडं भरण्यापेक्षा स्वतःचं यंत्र चार-पाच वर्षांत स्वस्त पडतं. दुसरी शाखा निघाली, किंवा सीएला त्याच्या ऑफिसातून रोज खाती बघायची असली, की भाडं परवडतं. भाडं थकलं तर आपलाच डेटा किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात हाती मिळेल, हे मात्र करारात आधी वाचायलाच हवं.

बॅकअपच्या बाबतीत मात्र मला क्लाउडवाचून दुसरा पर्याय दिसत नाही. ऑगस्ट २०२२पासून कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. मालकीच्या आणि भागीदारीच्या पेढ्यांना हा नियम नाही. त्यांनी तो आपणहून पाळावा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून उधारीची यादी नीट येते का, हे पाहावं.